डाव्या बाजूची सीट

जपानी गाडी म्हणजे स्वस्त आणि चिवट, एवढंच त्या काळी बहारीनमध्ये लोक समजत. टॅक्स्या जपानी, पिकअप जपानी. पण जपान्यांनी अगदी सुरुवातीला एक छोटी, कापडी टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कारही काढली होती. तिचं चित्र मी एका जुन्या मासिकात पाहिलं होतं. तसली एखादी मोडकी गाडी शोधून ती पुन्हा चालती करायची, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, बायको इस्पितळात नर्स. दोघंही वसईचे. मूल नव्हतं. शुक्रवार मोकळा असायचा.

या शोधात मला जोडीदार मिळाले ते श्रीवर्धनचे एक भाई. मनामात त्यांचं गॅरेज होतं आणि अरबी ते घरच्यासारखं बोलत. आम्ही भंगारवाड्यांतून हिंडलो. मुहर्रकला कुणी सांगितलं म्हणून गेलो, तर ती इंग्लिश गाडी निघाली. रिफाच्या पलीकडे एका वाड्यात तसल्या गाडीचा नुसता सांगाडा सापडला. त्यात कोंबड्या राहत होत्या आणि तळ असा गंजला होता की बोट आरपार जायचं.

जिदहफ्सच्या बाजारात मात्र वेगळाच प्रकार झाला. भाईंनी एका खजूरवाल्यापाशी गाडीचं वर्णन केलं. तो मान डोलवत होता. पांढरी आणि दोन सीटची म्हटल्यावर त्याची मान थांबली. "मफी," नाही, एवढंच म्हणाला आणि वजनकाट्याकडे वळला. शेजारच्या दुकानदारानेही तेच केलं. भाई बाहेर येऊन म्हणाले, "गाडी इथेच आहे. नसती तर एवढे गप्प झाले नसते."

शेवटी एका म्हाताऱ्या न्हाव्याने घर दाखवलं. गावाच्या कडेला खजुरीची बाग होती. झरा आटल्यामुळे निम्मी झाडं शेंड्याकडून वाळलेली. घराचा मालक सत्तरीच्या पुढचा, ठेंगणा, फार स्वच्छ कपड्यांतला. सगळे त्याला हाजी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यानिमित्त तो मुंबईला जाऊन-येऊन असायचा, त्यामुळे हिंदी बोलायचा. आम्ही कशासाठी आलो ते त्याने विचारलंच नाही. कॉफी दिली आणि मागच्या झावळ्यांच्या मांडवात घेऊन गेला.

शिडाच्या कापडाखाली ती होती. बॉनेटवर बोटभर धूळ, चारही टायर बसलेले, टपाच्या चिंध्या झालेल्या. स्टीअरिंग उजवीकडे. बहारीनमध्ये पूर्वी आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालायची. ती बदलण्याआधीची ही गाडी. मी वाकून आत पाहिलं. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती, बुटक्या माणसाने ओढावी तशी. शेजारची डावी सीट मात्र थेट मागे सरकवलेली, आणि तिच्या गादीवर खोलगट ठसा. कुणी उंच, जड माणूस बराच वेळ बसून उठावा तसा.

हाजीने मग सांगितलं. गाडी त्याच्या धाकट्या मुलाची. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी धुळीचं वादळ उठलं असताना तो ती घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी गाडी रिफाच्या दक्षिणेला वाळवंटात उभी सापडली. दोन्ही दारं लावलेली, किल्ली जागेवर. मुलगा नव्हता. खूप शोधलं, पण कपड्याचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

"माझा मुलगा माझ्याएवढाच होता," हाजी म्हणाला. "ती सीट तो कधी मागे सारत नसे. तिच्यामागे त्याची सामानाची पेटी असायची. त्या दिवशी तिथे कोण बसलं होतं?"

पोलिसांनी विचारलं, गावाने विचारलं. मी होतो, असं म्हणत कुणीही पुढे आलं नाही. तेव्हापासून गावात त्या गाडीचं नाव काढत नसत.

त्या दिवशी त्याने गाडी विकायला साफ नकार दिला. पण मी अधूनमधून जात राहिलो. खरं सांगायचं तर गाडीसाठी जायचो, आणि मग हाजीसाठीही जाऊ लागलो. तो मला सदीक, म्हणजे दोस्त, म्हणायचा, मुंबईच्या आठवणी काढायचा. रमझान संपल्यावर त्याचा भाईंकडे निरोप आला: गाडी ने. मी किमतीचं बोलू लागलो तर त्याने हात झटकला. अट एकच घातली.

"सगळं बदल. ती सीट मात्र हलवायची नाही."

त्या हिवाळ्यात मी दर शुक्रवारी आणि जमेल त्या संध्याकाळी भाईंच्या गॅरेजमध्ये असायचो. इंजिन जाम झालेलं होतं, ते खोललं. दोन्ही कार्ब्युरेटर धुतले. ब्रेक नवे बसवले. गंज कापून पत्रा जोडला, तंबू शिवणाऱ्याकडून नवा कापडी टप शिवून घेतला. डावी सीट आम्ही नुसती पुसली. गादीवरचा ठसा जाईल असं मला वाटलं होतं. रंग सुकेपर्यंत गाडी तशीच उभी होती, कुणी आत बसलं नव्हतं. ठसा गेला नाही. भाईंनी एरवी आयुष्यात कशाची भीती बाळगली नसेल, पण त्या बाजूला काम असलं की ते मला हाक मारायचे.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा फार देखणी दिसत होती. पहिल्याच दिवशी मी पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस केरळचा, नवा आलेला. तो डाव्या खिडकीशी गेला, वाकून काही विचारलं, थोडा थांबला आणि मग वळसा घालून माझ्याकडे आला.

"तुमचे साहेब काही बोलत नाहीत," तो म्हणाला. "किती भरू?"

मी स्वतःला समजावलं. इथे आता सगळ्या गाड्यांचा ड्रायव्हर डावीकडे असतो, तो सवयीने तिकडे गेला असेल, काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसलं असेल. ते खरंही असेल. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, काल तुझ्यासोबत तो उंच माणूस कोण होता. मी एकटाच होतो. नंतर एका सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी माझ्या डावीकडे पाहून ओळखीचं हसू दिलं आणि लगेच तोंड फिरवलं.

बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. एका शुक्रवारी चर्चला जाताना ती त्या सीटवर बसली. तिचे पाय पुढे पोचेनात. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "गाडी थांबव. ही सीट गरम आहे."

मी म्हटलं, उन्हाने तापली असेल.

"उन्हाची ऊब मला कळते," ती म्हणाली. "मी रोज पेशंट उठवून चादरी बदलते. ही माणसाची ऊब आहे."

उरलेला रस्ता आम्ही टॅक्सीने गेलो. त्यानंतर गाडी परत करायची असं मी ठरवलं आणि ती घेऊन जिदहफ्सला गेलो. ऐकलेलं सगळं हाजीला सांगितलं. तो घाबरेल, निदान अल्लाचं नाव घेईल, असं वाटलं होतं. त्याने प्रत्येकाने काय पाहिलं ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग सपाता घालून डाव्या सीटवर चढून बसला. त्याचे पाय लहान मुलासारखे अधांतरी होते.

"यल्ला, चल," म्हणाला. "तिथे ने मला."

आम्ही रिफा मागे टाकलं. दुपार होती, पण वारा सुटला होता आणि उन्हाचा रंग पिवळा पडत चालला होता. तो बोटाने वळणं दाखवत होता. डांबर संपलं, नंतर वाळूतली चाकोरीही संपली. एका सपाट जागी त्याने हात वर केला. तिथे काहीच नव्हतं. झुडूप नाही, दगड नाही.

मी इंजिन बंद केलं. तो म्हणाला, "आता तू उतर. समोर चालत जा. गाडी जेमतेम दिसेल इतका लांब गेलास की मागे वळ आणि बघ आत किती माणसं दिसतात. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. दिसेल तेच सांग."

मी चालू लागलो. वाळू डोळ्यांत जात होती. मागे वळायचं धैर्य होईना म्हणून गरजेपेक्षा जास्तच चाललो असेन. मग वळलो. धुळीत गाडी पांढुरकी दिसत होती. काचेमागे डाव्या सीटवर हाजीचं डोकं होतं, खाली, दाराच्या कडेला टेकलेलं. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, मी नुकताच उठलो होतो त्या जागी, कुणी बसलेलं होतं. हाजीएवढंच बुटकं. चेहरा दिसला नाही. दोन्ही डोकी एकमेकांकडे किंचित वळलेली होती, प्रवासात बोलत बसलेल्या माणसांची असतात तशी.

मी धावत परतलो की चालत, ते आठवत नाही. दार उघडलं तेव्हा ड्रायव्हरची सीट रिकामी होती. हाजी आपल्या जागेवरच होता.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन," मी म्हणालो. "माझ्या जागी कुणीतरी होतं. तुमच्या उंचीचं."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं त्याला काही झालं. मग तो बोलू लागला, आणि तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं सगळं गाव, आणि आता मी आणि भाईही, ज्याला भीत होतो, त्याची त्याला कधी भीती वाटलीच नव्हती.

"लोकांना वाटायचं, मी त्या दुसऱ्या माणसाला शाप देत असेन," तो म्हणाला. "मी दुवा मागायचो. म्हणायचो, कुणी का असेना, पण असू दे. माझा मुलगा इथे एकटा नसू दे." त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "आज माझा मुलगा माझ्याशेजारी बसला. त्या सोबत्याला आता मोकळं करतो. आता खलास."

मग खाली वाकून त्याने स्वतःच खटका ओढला. सीट कुरकुरत पुढे सरकली आणि त्याचे पाय टेकले.

परतताना तो मुंबईतल्या एका इराण्याच्या चहाबद्दल बोलत होता. मी त्याला आमच्या घरी नेलं. बायकोने माशाचं कालवण केलं होतं. त्याने दोनदा भात मागून घेतला आणि तिखट लागल्याने डोळे पुसत हसला. नंतर त्याच्या थोरल्या मुलाची बायको मला म्हणाली, इतक्या वर्षांत ते परक्या घरी कधी जेवले नव्हते.

गाडी माझ्याकडेच राहिली. बायको तिच्यातून पुष्कळ फिरली, आणि मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात हाजी झोपेतच गेला. त्या वाळवंटात मी कुणाला पाहिलं, ते मला सांगता येत नाही. भाई म्हणायचे धूळ होती, बायको म्हणायची नव्हती, आणि यावरून जेवताना त्या दोघांचं बरेचदा भांडण व्हायचं.