पहिला चहा सरांबरोबर

बातमी आली तेव्हा मी इंटरनॅशनल सिटीत आमच्या बिल्डिंगखाली लेकीला स्कूलबसमध्ये बसवत होते. ऑफिसच्या ग्रुपवर दिनकरचा मेसेज होता, "सिल्वेस्टर सर गेले. पहाटे, झोपेतच." लेकीने चेहऱ्यावरून ओळखलं, मी सांगितलं. बसची पायरी चढता चढता ती म्हणाली, "मम्मा, देन हू विल हॅव टी विथ यू?" बस गेली, मी तिथेच उभी... नेमकं काय वाटायला हवं हेच कळेना. काही आठवडे उलटले, अजूनही नीटसं कळलेलं नाही.

सर मूळचे वसईचे, इथे आखातात रास अल खोरमधल्या आमच्या फर्निचर वर्कशॉपचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली खरेदीचं बघते. रमजानमध्ये इथे कामाचे तास कमी होतात आणि ईदनंतर सगळे निमूटपणे पुन्हा आठच्या ठोक्याला हजर होतात. एका ईदनंतर सरांनी ते होऊच दिलं नाही. एकेकाला बोलावून विचारलं, "तुझी सोयीची वेळ कुठली? बोल बिनधास्त." मी म्हटलं, दहा, लेकीची बस गेली की निघते. चिपळूणकडचा दिनकर, आमचा सुतार, त्याला सहा हवे होते. लवकर सुटला की दिवेलागणीला गावी आई निवांत फोनवर भेटायची. मालकांना सरांनी कसं पटवलं देव जाणे. आम्हाला अट एकच घातली : कुणी कधीही या, पण आल्यावर पहिला चहा माझ्या टेबलावर.

चहा इथला ‘करक’, म्हणजे घट्ट आणि गोड. कपभर चहात सर लेकीच्या तापापासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं विचारायचे. एकदा मी नुसतीच बसून राहिले, तर म्हणाले, "मनीषा, आज आलीस कशाला? यल्ला, घरी जा. कोटेशन उद्या बघू." दुसऱ्या दिवशी मी कुणी न सांगता दोन दिवसांचं काम उपसलं. नवरा चिडवायचा, "तुझा साहेब चहात घालतो तरी काय?" मी हसायचे. आता तोच प्रश्न डोक्यातून जात नाही.

कारण चर्चमधल्या प्रार्थनेनंतर दिनकर सरांच्या पत्नीला म्हणाला, "सरांना चहा फार प्रिय हो." त्या गोंधळून आमच्याकडे बघत राहिल्या. "चहा? सिल्वेस्टरला? घरी शिवायचासुद्धा नाही. पित्त व्हायचं त्याला."

इतकी वर्षं, रोज, आमच्यातल्या प्रत्येकाबरोबर एकेक कप... मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. चहा खोटा, तर लेकीच्या तापाची चौकशी तरी खरी होती का? की माणसं टिकवायची ती मॅनेजरी युक्ती होती, आणि मी दुप्पट काम करून तिला फसले? परतताना दिनकरला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, पित्त होत असताना नाटकासाठी कोण रोज चहा पितं?" मी म्हटलं, "नोकरीसाठी माणूस काहीही करतो." त्याचं पटलं म्हणावं तर माझंही खोटं वाटत नव्हतं.

तशातच मालकांनी बोलावलं. "टायमिंग का अब तुम देखो. सबको आठ बजे बुलाना है, या ऐसे ही चलाना है?" लेकीची बस आठनंतर येते. मी पटकन सांगून टाकलं, "ऐसे ही." सरांसाठी सांगितलं की स्वतःसाठी, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दहाला पोहोचले, तर दिनकर वर्कशॉपमधून दोन कप घेऊन आलेला. सरांच्या टेबलापुढे पाहुण्यांच्या दोन खुर्च्या आहेत, आम्ही दोघं त्यांतच बसलो. वेळा आहेत तशाच राहणार म्हणून तो खुशीत होता. मग जरा घुटमळत म्हणाला, "पण मॅडम, सहाला माझा चहा आता कोणाबरोबर?"

मी समोर सरांच्या खुर्चीकडे बघितलं. दिनकर यायच्या आधीपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत त्या खुर्चीत सर असायचे, म्हणून तर आमच्या वेळा आमच्या होत्या. त्यांना स्वतःला कुठली वेळ सोयीची होती?

सहाला माझी लेक झोपेत असते. तिला बसमध्ये बसवल्याशिवाय मी निघू शकत नाही. समोरची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही चहा संपवला.