नानांचं ग्रीस, काकींचा ब्रेक

चाकामागचा ड्रम ओढून काढला, तर आत ब्रेक दिसेचना. दिसलं ते ग्रीस. काळपट, चिकट, कडेने ओघळणारं. आमचे सर्वांत जुने फिटर इरफानभाई यांनी त्यात एक बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"ताई, ह्यात ब्रेकपन हाय काय, का नुसता मालच भरलाय?"

बाजूला स्टुलावर हासूनाना बसले होते. ट्रेलर त्यांचा. त्यांनी अभिमानाने मान हलवली. "सोताच्या हातानं भरलंय. ग्रीसला हात आखडायचा नाय."

पनवेल-उरण रस्त्यावर, गव्हाणच्या अलीकडे माझं वर्कशॉप आहे. आमच्याकडे येतात ते कंटेनर ओढणारे मोठे ट्रेलर. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि त्यांच्या ड्रायव्हरांना गाडी नेहमी कालच तयार हवी असते. नानांचा ट्रेलर निराळा. जीपच्या मागे जोडायचं छोटंसं घर. आत पलंग, शेगडी, मोरी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेलं. एक्सल परदेशी आणि ब्रेक इलेक्ट्रिक. असे ब्रेक आमच्या दारात क्वचितच येतात.

नाना मूळचे कोळीवाड्यातले. तरुणपणी वडिलांच्या होडीवर, नंतर जन्मभर बंदरात क्रेनवर. साऱ्या जगाचा माल त्यांनी उचलून इकडचा तिकडे ठेवला, पण स्वतः एकवीरेच्या डोंगरापलीकडे गेले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, बायकोला घेऊन वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा बघायचा. हिराकाकी अजूनही बाजारात मासळी विकायला बसतात. 'माझी गिऱ्हाइकं कोण बघेल' म्हणत त्यांनी खूप ताणलं आणि शेवटी एकदाच्या तयार झाल्या.

निघाले, तर कर्नाळ्याच्या उतारावरच घात झाला. नानांनी ब्रेक दाबला, जीप थांबायला लागली आणि मागचं घर काही थांबेना. त्याने जीपला ढकलत ढकलत खाली नेलं. नशिबाने पुढे कोणी नव्हतं. सपाटीला लागल्यावर काकी उतरल्या आणि सहासीटर रिक्षा पकडून सरळ घरी गेल्या.

"जाताना काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनली, इकून टाका. नायतर तुमी एकलेच फिरा." नानांचा आवाज उतरला. "ती नाय बसली तर मी एकला जाऊन काय करू, पोरी? दर्या तर मी रोजच बगतंय."

तोवर मला मनातून हसू येत होतं. ते गेलं. हा ब्रेक नीट झालाच पाहिजे, असं वाटलं.

इलेक्ट्रिक ब्रेक म्हणजे फार गूढ काही नाही. जीपमध्ये एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. तुम्ही ब्रेक दाबलात की ती मागे करंट पाठवते. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक मॅग्नेट असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो आणि त्याच्याबरोबर जरासा ओढला जातो. त्याला जोडलेली दांडी मग ब्रेक शू बाहेर ढकलते. शू ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. सगळा खेळ घासण्याचा आहे. तिथे ग्रीस गेलं की ब्रेकचं काम आटोपलं.

ग्रीस लागतं ते शेजारच्या बेअरिंगना. चाक फिरतं ते त्यांच्यावर. बेअरिंग आणि ब्रेक यांच्यामध्ये एक रबरी सील असतं, भाऊबंदांतल्या कुंपणासारखं. या एक्सलच्या टोकाला एक बूच होतं, आणि त्याच्यामागे ग्रीस भरायचं तोंड. ग्रीसगन घेतलेल्या माणसाला त्याहून मोठा मोह नाही.

"नाना, किती पंप मारायचात?"

"भायेर यीपर्यंत."

"आणि यायचं?"

"नाय ना! म्हनून तर आनकी मारायचो."

ग्रीस बाहेर येत नव्हतं, कारण ते आत जात होतं. सील फाटून थेट ब्रेकवर.

"आगो, खाऱ्या वाऱ्यात लोखंड ग्रीसवरच जगतं," नाना म्हणाले. "होडीच्या पुलीला आमी असंच चोपडायचो. क्रेनच्या दोरालापन."

"पुलीला फिरायचं असतं, नाना. ब्रेकला थांबवायचं असतं. तुम्ही त्याला तेल लावून न्हाऊ घातलंत."

"मंग धुऊन नाय भागनार?"

"मासळीच्या टोपलीचा वास धुऊन जातो का?"

नाना विचारात पडले. "नाय," ते म्हणाले, आणि नव्या ब्रेकला होकार मिळाला.

शूच्या अस्तरात ग्रीस मुरलं की ते परत निघत नाही. मॅग्नेटही झिजलेले होते. म्हणून मागच्या प्लेटसकट अख्खे सेट मागवले. ते यायला वेळ लागला. तोवर नाना रोज चक्कर टाकून 'आलं काय?' विचारून जायचे. या ब्रेकमध्ये डावा-उजवा भेद असतो. उलटे बसवले तर बसतात छान, धरत मात्र नाहीत. इरफानभाईंनी ते चपलांसारखे जमिनीवर मांडले आणि खात्री करून मगच बोल्ट आवळले.

बेअरिंग डिझेलमध्ये धुतली. रोलरवर खड्डे नाहीत, तापल्याचे निळे डाग नाहीत. इतकी लाडात वाढलेली बेअरिंग मी तरी पाहिली नव्हती. तसं सांगितल्यावर नाना पुन्हा ताठ बसले. मी त्यांच्याच तळव्यावर ग्रीसचा गोळा ठेवला आणि बेअरिंग त्यावर दाबून रोलरांच्या फटीत ते कसं भरायचं, हे दाखवलं.

"बास," मी म्हटलं.

"येवढंच?"

"एवढंच."

नानांचा चेहरा अर्धपोटी उठवलेल्या पाहुण्यासारखा झाला. मग नवं सील, ड्रम, नट. नट चाक फिरवत आवळायचा, पुन्हा सैल करायचा, शेवटी नुसत्या बोटांनी लावायचा आणि पिन घालून अडकवायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं.

ट्रेलर तयार झाल्यावर हिराकाकी स्वतः आल्या. पदर खोचलेला, नजर पापलेट पारखणाऱ्या बाईची. "आदी मना दाखव, काय केलंस." मी सगळं दाखवलं. मग कंट्रोलरची दांडी दाखवली. ती सरकवली की जीपला न विचारता फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात.

डबी नानांनी स्टिअरिंगच्या पार उजवीकडे, दाराला चिकटून बसवून घेतली होती. काकींनी बाजूच्या सीटवर बसून हात लांबवला. पोचेना.

"ही दांडी मना पोचली पायजे."

"गाडी मी चालवतंय ना?" नाना.

"त्या दिशीपन तुमीच चालवत व्हता."

मी डबी डॅशबोर्डच्या मधोमध घेतली. तिथे दोघांचाही हात जात होता. सर्व्हिस रोडवर चक्कर मारली, चालू गाडीत काकींनी दांडी सरकवली, आणि मागच्या घराने जीपला जागच्या जागी धरून ठेवलं. काकी पहिल्यांदा हसल्या. "धरतंय."

पुढच्या आठवड्यात ते निघाले. दोन दिवसांनी नानांचा फोन. चहाला थांबले होते.

"पोरी, ब्रेक मधीच लागतो!"

अडकलेला ब्रेक ड्रम तापवतो, मग बेअरिंग जातं. "चाकाच्या मधोमध हात लावा. गरम आहे?"

"थंडगार."

"उतारावर लागतो?"

"नाय, सरल रस्त्याला. जरा जोरान निंगालो का लगेच."

मी विचारलं, "नाना, गाडी चालू असताना काकींचा हात कुठे असतो?"

पलीकडे फोन काकींच्या हातात गेला.

"पोरी, ब्रेक बेस हाय. फॉल्ट डायवरमंदी हाय."

वेंगुर्ला गाठून दोघं सुखरूप परत आले. इतक्या वर्षांच्या कामात एवढं कळलं: ग्रीस बेअरिंगला घालावं, ब्रेकला नाही. आणि ब्रेकची दांडी अशा जागी बसवावी, जिथे भ्यालेल्या माणसाचाही हात पोचेल.

परवा नाना एकटेच वर्कशॉपला आले. डबी पुन्हा उजवीकडे घेता येईल का, असं हळूच विचारत होते. वायर पुरत नाही, म्हणून सांगितलं.