उंदरांच्या दारातल्या दहा नंबरच्या चपला

मी लहान मुलांसाठी फ्रेंचमध्ये चित्रकथा काढते आणि हे काम पनवेलच्या खांदा कॉलनीत बसून करते. हा उद्योग करणारं इथे दुसरं कुणी माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे स्पर्धेअभावी माझा पहिला नंबर आहे. फ्रेंच मी अकरावीत घेतलं ते भाषेच्या प्रेमाने नव्हे, मार्क मिळतात म्हणून. पुढे कामोठ्यात शिकवण्या घेतल्या, तिथे येणारी मुलंही मार्कांसाठीच आलेली. एकमेकांना पुरेसं कंटाळवून झाल्यावर मी उंदीर काढायला लागले.

एक उंदरीण आई आणि तिची लेक. फ्रान्समधल्या मुलांच्या एका मासिकाने त्यांच्या गोष्टी छापल्या, छापत राहिलं आणि शेवटी त्यांचं पुस्तक झालं. आमच्या सोसायटीत ते सगळ्यांनी पाहिलंय, वाचलेलं कुणीच नाही. सेक्रेटरींनी पान दोन बोटांत धरून कागद भारी असल्याचं सांगितलं. आतापर्यंत मिळालेलं एवढंच स्थानिक परीक्षण.

घरात आई आणि मी, दोघीच. बाबा गेले तेव्हा आईने त्यांचे कपडे वाटून टाकले, पण चपला ठेवल्या, त्याही दाराबाहेर. तपकिरी, अंगठ्याच्या, दहा नंबरच्या. आत फक्त बायकाच राहतात हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून. रोज केर काढताना ती त्या थोड्या हलवते. कधी तोंड आत, कधी बाहेर, कधी एक जरा तिरकी. एकाच जागी राहिल्या तर लोक ओळखतात, असं तिचं म्हणणं. कुरिअरवाला आला की ती आतल्या खोलीकडे बघून ओरडते, “अहो, पार्सल आलंय!” आणि मग त्याला सांगते, “आंघोळीला गेलेत.” त्या हिशेबाने माझे बाबा गेली काही वर्षं सलग आंघोळ करतायत. नवीन मासळीवालीही फसली. “दादा घरात हायेत ना? मंग मोठं पापलेट घ्या,” ती म्हणायची. आता नाही कसं म्हणणार? आम्ही दोघी दोन दिवस पापलेट खायचो.

एकदा पुस्तकाच्या तिकडच्या संपादकबाईंचा व्हिडिओ कॉल आला. “त्या चपला!” त्या म्हणाल्या. “कुठल्या चपला?” मी विचारलं. त्यांनी माझंच पुस्तक माझ्यासमोर धरलं. उंदरांच्या दाराबाहेर, प्रत्येक चित्रात, मोठ्या चपलांचा एक जोड होता. मला पत्ताच नव्हता. दार आलं की त्याबाहेर त्या चपला आल्याच, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं. त्यात दर चित्रात त्या वेगळ्या पडलेल्या. आता निष्काळजीपणाबद्दल बोलणी बसणार म्हणून मी माफीची वाक्यं जुळवायला घेतली. तर बाई म्हणाल्या, मुलं वेडी झालीत. कुणाच्या आहेत त्या? रोज हलतात, म्हणजे कुणीतरी येतं-जातं, मग दिसत का नाही? इतक्या शांतपणे रहस्य पेरणारी चित्रकार त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. खरं सांगायची हीच वेळ होती. पण आपली स्तुती चालू असताना मध्ये बोलू नये, असे माझ्यावर संस्कार आहेत.

मग अट आली. दुसऱ्या पुस्तकात चपलांचा मालक घरात आला पाहिजे. नाहीतर दुसरं पुस्तक नाही. मी तर चित्रकार झाल्याच्या तोऱ्यात शिकवण्या कधीच बंद केल्या होत्या. पुन्हा कामोठ्यात जाऊन क्रियापदं घोटून घ्यायच्या कल्पनेनेच माझं डोकं दुखायला लागलं.

आधी मी पोस्टमन उंदीर आणला. पण पोस्टमन आपल्या चपला रोज दुसऱ्याच्या दारात का ठेवेल? मग एक मामा आणला, मग एक चोर. त्या चपला कुणालाच होईनात. खरी अडचण मला ठाऊक होती. त्या चपलांत मला एकाच माणसाचे पाय दिसत होते आणि त्यांना उंदीर करायला हात धजत नव्हता. मला बाबांची फार आठवण आली आणि मी रडले. मग पानं पाठवायची तारीख आठवली, डोळे पुसले आणि बाबांना शेपटी काढली.

बाकी सगळं त्यांचंच ठेवलं. पुढे आलेलं पोट, नाकाच्या टोकावर चष्मा, न्हावा शेव्याच्या ऑफिसातून परतताना खांद्यावरून घसरणारी डब्याची पिशवी. आमच्याकडे फ्रान्समध्ये लोक पायातलं न काढता सरळ आत येतात, असं बाई कधीतरी म्हणाल्या होत्या, म्हणून चपला पायातच ठेवल्या आणि त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. ओट्याशी उंदरीण आई वळून बघतेय. ती काय बोलते ते मात्र सुचेना. तिचा संवादाचा फुगा रिकामाच राहिला.

आई चहा घेऊन आली ती चित्र पाहून थबकली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, पण शेपटी असूनही तिने ओळखलं. चष्मा पदराने पुसून ती चित्रावर वाकली. मला वाटलं, आता ही रडणार, हिला बघून मी रडणार आणि चहा गार होणार.

ती जे बोलली तेच मी फ्रेंचमध्ये करून फुग्यात लिहिलं आणि त्या पानावर मला दुसरं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर नाव अर्थातच माझं आहे.

“चपला घालून थेट ओट्यापर्यंत!” आई म्हणाली होती. “जन्मभर ओरडले, कधी ऐकलं नाही. आता आलेच आहेत, तर बाहेर काढायला सांग त्यांना.”