ओटोने नाव घेतलं नाही

ओटो, माझा नवरा, मुळात भित्रा. कुत्रं भुंकलं तरी दचकायचा. सिम्बूच्या डोंगरात आमची थोडी कॉफी होती, तीन डुकरं होती.

तो शाळेत असताना मिशनच्या फादरनी भिंतीवर एक जुना सिनेमा दाखवला होता. त्यात शिपाई एका पाववाल्याला दरडावतात, "चोर कोण ते सांग!" तो जिवाच्या भीतीने शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. शेजारी फासावर जातो. पाववाला जगतो, लग्नही करतो, पण कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही. बाकीच्या पोरांना त्यातले घोडे आवडले. ओटोच्या मनात ते बोट रुतून बसलं. लग्न ठरल्यावर त्याने मला तो सगळा सिनेमा सांगितला, आणि सांगताना त्याला घाम फुटला होता.

पुढे कुणाचं डुक्कर कुणाच्या रताळ्यांत शिरलं, की लोक त्याला साक्षीला बोलवायचे आणि हसायचे. "काय रे, काळं होतं ना?"

"शेपूट पाहिलं. रंग नाही पाहिला."

मग त्याचा थोरला भाऊ गेलुआ छातीत कळ येऊन गेला. सुतकाच्या मांडवात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी चेटूक केलं. एका सकाळी चुलतभाऊ कौपा आणि त्याची माणसं शेजारच्या विधवा आग्नेसकाकूला हात बांधून घेऊन आली. विस्तवात लोखंडी सळई तापत होती. काकू रडतही नव्हती.

कौपा म्हणाला, "ओटो, तू सख्खा भाऊ. तू नाव घे, पुढचं आम्ही बघतो."

ओटोची पँट ओली झालेली मला दिसली. मी त्याचा सदरा धरून ठेवला होता.

"दादा छातीत कळ येऊन गेला," तो कसाबसा बोलला. "मी जवळ होतो. काकूने काही केलेलं मी पाहिलं नाही."

"मग तूही तिच्यातलाच!"

ओटो काकूशेजारी जमिनीवर बसला. लोक म्हणाले, काय हिंमत! मला नंतर म्हणाला, "अगं, पायच गेले."

कुणी हलेना. सळई लाल झाली होती. शेवटी गेलुआचा म्हातारा मामा काठी टेकत उठला. "सख्खा भाऊ नाव घेत नाही, मग आपण कशाच्या जोरावर घ्यायचं?" तो घरी निघाला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले. कौपा शिव्या देत राहिला, पण सळईला कुणी हात लावला नाही. दुपारी मिशनच्या सिस्टर गाडी घेऊन आल्या आणि काकूला तिच्या मुलीकडे दूर मदांगला घेऊन गेल्या.

आठवड्याभरात आमची कॉफीची झाडं कुणीतरी तोडली. आम्ही गाव सोडून गोरोका शहरात आलो. इथे बाजारात कोबी विकतो.

परवा बाजारात कौपा दिसला. ओटो पोत्यांमागे दडून बसला, कितीतरी वेळ. मी विचारलं, "पस्तावतोस का रे?"

"नाही," तो म्हणाला. "गेला का तो? नीट बघ."