धवल्यासाठी मदरबोर्ड

गप्प बसलेल्या वस्तूंचा आवाज ऐकू येणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो माझा आतेभाऊ. दादा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात नवे पंखे घरघरतात का ते कान लावून तपासायचा, आणि ही नोकरी घरी आल्यावरही त्याच्या कानातून उतरायची नाही. आमच्या दिवा गावात कुणी माठ घेतला तर पहिली टिचकी दादाची. लग्नाच्या पंगतीत बसला की घास हातात तसाच धरून वरच्या पंख्याकडे बघायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "याचा बुश गेलाय." नवरानवरीकडे त्याचं लक्षच नसे. त्याचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. वडील लवकर गेले, बहिणी उजवता उजवता याचंच वय निघून गेलं, आणि घरात तो विषय कुणी काढेनासं झालं.

आत्याही काढत नसे, पण तिला ते लागलं होतं. आत्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवलारणीची गाणी हवीतच, आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं आत्याच्या गळ्यावर लागलेली. पोटच्या पोराच्या लग्नात तेवढं तिला गायला मिळालं नव्हतं. मग तिला दम्याने धरलं. एकेक ओळ तुटायला लागली. तिची ती गाणी, ते धवले, दुसऱ्या कुणाला येत नव्हते, म्हणून ते घरीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे असं दादाने ठरवलं. टेपरेकॉर्डर त्याच्या लेखी बादच होता. टेप सुसू करते म्हणे.

मग मदरबोर्ड बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. आमच्या ऐपतीतल्या मदरबोर्डमध्ये आवाजाची सोय आतच केलेली असायची, आणि माउस हलवला की हेडफोनमध्ये भुंगा गुणगुणायचा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, दादाने एक दुकान सोडलं नाही, आणि सोबत मी. हेडफोन लावून तो डोळे मिटून बसायचा. दुकानदार विचारायचा, "साहेब, एखादं गाणं तरी लावू?"

"नको. गाण्यात सगळं लपतं. माउस हलवा फक्त."

आणि दादा मान हलवून उठायचा. एवढे नकार तर त्याच्या बहिणींनाही आले नव्हते. इकडे आत्याचा दमा वाढत होता. मी चिडून म्हटलं, "अरे, आत्याचा गळा थांबणारे का तुझ्यासाठी?" तो पुढच्या दुकानाच्या पायऱ्या चढला. शेवटी कल्याणच्या एका बोळातल्या दुकानात त्याने बराच वेळ हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाला, "हा गप आहे. हाच द्या."

कॉम्प्युटर जोडून झाला, माइक लागला, आणि आत्या अडून बसली. "मांडव नाय, नवरा नाय, धवला कोनाला म्हनू रं? बिनलग्नाचा धवला म्हनू नये."

एवढ्या सगळ्यात ही गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. दादाने वाद घातला नाही. जाऊन बांबू आणले, टेबलाच्या चार कोपऱ्यांना बांधले, वर आंब्याच्या पानांचे टाळे टाकले. आत्या त्या मांडवाकडे बघत राहिली. मग तिने हळद मागितली, कॉम्प्युटरच्या डब्याला एक बोट लावलं आणि समोर बसली. दादाने पंखा बंद केला, हेडफोन चढवले.

धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं. ती ओळ आली तशी आत्या थांबली. तिने मोठा श्वास घेतला आणि दादाचं नाव घातलं. दादाने मान वर केली नाही. माउसवरचा त्याचा हात जराही हलला नाही. मी मात्र आवाज नको म्हणून तोंडावर हात धरून बाहेर गेलो.

त्या वर्षीच्याच थंडीत आत्या गेली. आता कुणी घरी आलं की दादा ते धवले ऐकवतो. एका जागी आत्या थांबते, तिचा दमलेला श्वास अगदी कानाशी ऐकू येतो, आणि दादा तिथेच बंद करतो.

"बघितलंस? मागे जरासुद्धा खरखर नाय," म्हणतो.

पाहुणे मान डोलावतात. पुढे कुणाचं नाव येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी अजून लाव असं कधी म्हणत नाही.