खुंटीवरची कॅन
कृषी केंद्रासमोरून जाताना फवारणीच्या औषधाचा वास आला की मला मुकुटबनजवळच्या एका घरातली खुंटी आठवते. कपाशीच्या शेतांतून नाल्यात किती विष वाहून येतं, याचा अंदाज आम्ही तेव्हा कॉम्प्युटरवर बांधत होतो. त्यासाठी जोराचा पाऊस झाला की लगेच नाल्याचं पाणी धरावं लागे, म्हणून काठावर वावर, म्हणजे शेत, असलेल्या एका काकूंकडे आम्ही काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्यांनी भरून दिलेल्या पाण्यात विषाचा आकडा इतका चढा निघाला, की आमच्या प्रकल्पाच्या सरांनी मला चौकशीला धाडलं. "चिखलात पाय घसरते, शिशा फुटल्या असत्या," काकू म्हणाल्या, "म्हून कॅनमधी पानी आनलं अन् घरी शिशात भरलं." त्यांनी खुंटीवरची पांढरी कॅन काढून हातात दिली. मी झाकण उघडलं, तर हाच वास. "औषधाचीच हाये, पन राखेनं घासून धुतली. वावरात पियाचं पानी याच्यातच नेतो आमी." यातलं पाणी पिऊ नका, असं मी सांगितलं. "मंग कायच्यात नेऊ?" माझ्या पिशवीत पुढच्या नमुन्यांसाठी आणलेल्या काचेच्या बाटल्या तेवढ्या होत्या. त्यांनी कॅन परत खुंटीला अडकवली. भांडंच दूषित, नमुना बाद, असं सर म्हणाले. तो आकडा वगळल्यावर कॉम्प्युटरवरचं गणित छान जुळलं. त्यावरून तयार केलेला, सुरक्षित पाण्याची गावं हिरवी दाखवणारा नकाशा अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे, आणि त्यात काकूंचं गाव हिरवं आहे.