मामांचा ड्रम आणि मामींचे मासे

भांडं कुठलंही असो, मामा आधी त्यात तोंड घालायचे. बादली असो, कॅन असो, नाहीतर भंगारातून आणलेला निळा ड्रम. कमरेत वाकायचे, डोकं कानांपर्यंत आत, डोळे मिटलेले, आणि एक लांब श्वास. मग ताठ होऊन निकाल द्यायचे, "वास न्हाई. चालंल." पसंत नसलं तर म्हणायचे, "ह्यात काय तरी नांदून गेलंय. नको."

कुरकुंभच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. आमच्याकडे दारोदारी निळा ड्रम असतो. तो कुठल्यातरी कारखान्यातून निघतो, हायवेच्या कडेला भंगारवाल्याकडे थांबतो आणि तिथून आपल्या मोरीत येऊन बसतो. आधी त्यात काय होतं, हे भंगारवाल्याला ठाऊक नसतं, आणि असलं तरी तो कशाला सांगेल? म्हणून ड्रम आणला की आधी जाणत्या माणसाकडून हुंगून घ्यायचा, ही आमची रीत. आमच्या चाळीतले जाणते म्हणजे मामा. उभी हयात केमिकल कंपन्यांत गेलेली. अशा माणसाच्या नाकावर कोण शंका घेणार?

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. चाळीच्या तोंडाशी माझा जारच्या पाण्याचा प्लँट आहे. एके दिवशी या गृहस्थांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या जारमध्ये नाक खुपसलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, पिण्याचं पाणी हाय ते. अत्तर न्हाई."

"रागावू नका, ताई," ते म्हणाले. "मानसाला कसंबी चालतंय. माशांला पायजे."

माझ्या पाण्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले होते, पण माशांच्या वतीने आलेला हा पहिलाच.

मासे मामींचे होते. मामा-मामी मूळचे शिरूरकडचे. आधी रांजणगावला कामाला आणि कारेगावात खोली, मग तिथलं कंत्राट संपलं म्हणून इकडे आले. इकडे आल्यावर मामींना अर्धांगवायू झाला. एक अंग गेलं, वाचा गेली. दौंडच्या दवाखान्यात त्या नुसत्या छताकडे बघत पडून असायच्या, कुणी हाक मारली तरी बुबुळ हलायचं नाही. एकदा त्यांना तपासणीसाठी खाली नेलं. तिथे भिंतीशी काचेची टाकी होती आणि टाकीत शेंदरी मासे. मामींचे डोळे माशांबरोबर डावीकडून उजवीकडे गेले. मामांनी हे मला कितीतरी वेळा सांगितलं असेल, आणि दरवेळी स्वतःचे डोळे तसे फिरवून दाखवायचे.

डिस्चार्ज मिळाला त्याच आठवड्यात त्यांनी घरी टाकी आणली, मामींच्या पलंगासमोर मांडली. दहा बाय बाराची खोली, त्यात पलंग, शेगडी, कपाट आणि मासे. मामी बघू लागल्या. सकाळी ड्यूटीवर जाताना मामा त्यांना कुशीवर वळवून ठेवायचे, म्हणजे दिवसभर मासे दिसावेत. शेजारची एक बाई मधूनमधून येऊन पाणी पाजून जायची. ते म्हणायचे, "मासं हायेत तवर ती हाय. मासं गेलं तर ती परत छताकडं जाईल."

आता माशांचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार, की दोन दिवसांत काचेवर पांढरं बसतं. दौंडच्या मासेवाल्याने सांगितलं होतं, अर्धं जारचं पाणी घाला, पण थेट घालू नका, एक दिवस घरात ठेवून मग घाला. माझे जार मला संध्याकाळी परत लागतात. तेव्हा पाणी ठेवायचं कशात, हा मामांपुढचा प्रश्न झाला.

पहिल्यांदा त्यांनी तांब्याचा हंडा काढला. चिंचेने लख्ख घासला. मासे गेले. मासेवाला म्हणाला, तांबं माशांना विष. मामांना हे पटेना. "रोज सकाळी तांब्याचं पानी प्या म्हनत्यात. मानसाला औशीद आन् माशाला इख, आसं कसं व्हईल?" मग एक कॅन आणला, तो साबणाने इतका निगुतीने धुतला की साबण आतच राहिला. तेही मासे गेले. दोन्ही वेळा मामी झोपेत असताना त्यांनी मेलेले मासे काढले आणि दौंडला जाऊन तशाच रंगाचे नवे आणले. मी चेष्टा करायची, "मामा, मामीला कळतंय बरं का, नवी सून आलीया ती." ते हसायचे. पण चेहरा ओढलेला असायचा.

शेवटी त्यांनी भंगारवाल्याकडून एक छोटा निळा ड्रम आणला. तीनदा हुंगला, पसंत केला. आठवडाभरात, सुट्टीच्या दिवशी, ते माझ्या दारात उभे राहिले. ओंजळीत तीन मेलेले मासे होते.

"ताई, पान्यात काय दोष हाय का?"

माझ्या पाण्यावर आळ आला म्हणून मी तरातरा त्यांच्या खोलीवर गेले. दारातच मला मामींच्या अंथरुणाचा वास आला. अंथरूण भिजलेलं होतं, आणि तेही बऱ्याच वेळापासून. मामा आता माझ्यामागून आले असले, तरी इतका वेळ ते त्याच पलंगाशी बसून होते. कोपऱ्यातल्या ड्रमचं झाकण काढलं आणि झटकन मागे सरले. नखांच्या पॉलिशसारखा उग्र भपकारा. डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, ह्ये काय?"

ते वाकले. ड्रममध्ये डोकं घातलं, लांब श्वास घेतला, वर आले. "वास न्हाई," म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग पलंगाकडे बघितलं. त्यांनी माझी नजर पाहिली, गादीवर हात ठेवला आणि ओला तळवा बघून खाली बसले.

"कवापासनं, मामा?"

"लई दिवस झालं. आधी फोडनीचा जायला लागला. मग सगळाच." हात सदऱ्याला पुसत म्हणाले, "घरी असलू की हिला दर तासाला हात लावून बघत असतू. आज माशांच्या नादात ऱ्हायलं."

मामी समोरच होत्या, डोळे रिकाम्या टाकीवर. आम्ही दोघांनी मिळून अंथरूण बदललं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. म्हटलं, कंपनीत सांगा, वासाशिवाय तिथं काम करणं बरं नव्हे. ते म्हणाले, "कंत्राटी मानूस मी. नाक गेलं म्हनलं की दुसऱ्या दिवशी गेटभायेर. मग हिचं काय?"

कंपनीत त्यांनी सांगितलं नाही. पण एक गोष्ट केली. संध्याकाळी चाळीत घरोघर गेले. ज्यांचे ज्यांचे ड्रम त्यांनी हुंगून दिले होते, त्या प्रत्येकाच्या दारात उभे राहून म्हणाले, "माझं नाक गेलंय. मी पास केलेल्या ड्रममधलं पानी पिऊ नगा." एवढं बोलायला किती जड गेलं असेल, ते तुम्हीच बघा. चाळीतली निम्मी माणसं त्यांच्याच कंपनीतली.

कोणी त्यांना बोल लावला नाही. ड्रम गुपचूप भंगारात गेले. आणि ही गोष्ट कंपनीत कुणी काढायची नाही, असं सगळ्यांनी न बोलताच ठरवलं. मामींकडे बघून ठरवलं. मीही त्यांतलीच. आपण एका गरिबाची भाकरी राखली, असं आम्हाला वाटत होतं.

मामींच्या रुखवतात आलेलं स्टीलचं पिंप होतं, ज्वारीचं. मामांनी ज्वारी पोत्यात काढली आणि पिंप नुसत्या पाण्याने सात-आठ वेळा धुतलं. हुंगायला मला बोलावलं. मी डोकं आत घालून वास नसल्याची खूण केली, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. दौंडहून आणलेले नवे मासे त्या पिंपातल्या पाण्यावर जगले. चांगले अंगठ्याएवढे झाले. मामींचे डोळे पुन्हा डावीकडून उजवीकडे जाऊ लागले.

पावसाळा सरता सरता कंपनीत कसलातरी वायू गळला. फार मोठं काही नव्हतं, म्हणतात. शेडमधल्या लोकांना वास आला आणि ते बाहेर पळाले. मामा पाठमोरे वॉल्व्ह पुसत होते. मशीनच्या आवाजात हाका त्यांच्यापर्यंत गेल्या नाहीत. ते काम करत राहिले. बाहेर डोकी मोजली, तेव्हा एक कमी भरलं. आमच्याच चाळीतला एकजण त्यांना आणायला तोंडाला फडकं बांधून आत गेला. तो मला नंतर म्हणाला, "ताई, आमाला ठावं हुतं. आमाला सगळ्यांला ठावं हुतं."

दवाखान्यातून मामांचा देह परस्पर गावी नेला. मामींना नेता येईना. मामींचे भाऊ शिरूरहून दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी बहिणीच्या कानाशी वाकून मोठ्याने सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं, देव जाणे. टेम्पोची सोय होईपर्यंत चार दिवस त्या इथेच होत्या. भाकरी-पाणी, अंग पुसणं शेजारणी बघत होत्या. माशांचं माझ्याकडे आलं.

मी मामींना कुशीवर वळवलं, टाकीकडे तोंड करून, मामा वळवायचे तसं. पिंपातलं पाणी तांब्या-तांब्याने टाकीत घातलं. मासे वर आले, काचेशी तोंड लावून हुंदडू लागले. पाणी असं नितळ, की पलीकडची भिंत दिसत होती. मी म्हटलं, "मामी, बघा की." त्यांनी मान तेवढी फिरवून घेतली होती, दाराकडे. त्या अंगाला मान इतकी वळते, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी कंपनीची बस, मामा यायचे ती, चौकात थांबली, माणसं उतरली, बस गेली. माणसं आपापल्या खोल्यांत शिरली, दारं लागली. मामी दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या पाठीमागे मासे डावीकडून उजवीकडे फिरत होते.